नंबर खरवडलेली होडी

प्रति,
मा. उपायुक्त (उद्याने व शहर सुशोभीकरण),
महानगरपालिका, मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

अर्जदार : श्री. रामनाथ बाबाजी तांडेल, वय ६१, धंदा मासेमारी, रा. कोळीवाडा, भाईंदर (प.)
लेखनिक : श्री. हरिश्चंद्र गोविंद शिगवण, वय ७२, निवृत्त शिक्षक, रा. सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पू.)

विषय : सिल्व्हर पार्क येथील वाहतूक बेटावर शोभेसाठी बसवलेली होडी ही अर्जदारांची चालती होडी असल्याबाबत, व तिच्या संदर्भात दि. ७ ऑगस्ट २०२५ रोजी एक लहानशी परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : अर्जदारांचे यापूर्वीचे पाच अर्ज. पैकी तीन अर्जांना उत्तर आले, एक दुसऱ्या विभागाकडे वर्ग झाला, व एक "भाषा योग्य नाही" असा शेरा मारून परत आला.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, हा अर्ज अर्जदारांचा असला तरी त्यांच्या हातचा नाही. अर्जदारांना लिहिता येते. पाचवा अर्ज त्यांनी स्वतः एकटाकी लिहिला होता, आणि तो कसा लिहिला होता हे आपल्याच शेऱ्यावरून आपल्या ध्यानात आले असेल. त्यातले काही शब्द कोळीवाड्यात रोजचे असले, तरी ते आवक खिडकीवरच्या बाईंना वाचावे लागले याबद्दल अर्जदार दिलगीर आहेत. म्हणून या खेपेस लिहिण्याचे काम एका निवृत्त शिक्षकाकडे आले आहे. छत्तीस वर्षे मुलांचे रजेचे अर्ज तपासल्यामुळे लेखनिकाला या प्रकाराची सवय आहे, आणि राग गिळून लिहिण्याचीही आहे. तरी कोठे शब्द तिखट गेलाच, तर तो लेखनिकाचा समजावा.

१. अर्जदारांची होडी सव्वीस फुटी आहे. ती सागाची असून अर्जदारांचे वडील कै. बाबाजी तांडेल यांनी १९८९ साली बांधून घेतली. अर्जदार तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि सुतारांच्या हाताखाली खिळे पुरवण्याचे काम करत होते. त्यानंतर पस्तीस वर्षांत या होडीवर दोन मुलींची लग्ने झाली, घरावर स्लॅब चढला, आणि अर्जदारांच्या पत्नी सत्यवतीबाई यांची बाजारातली पाटी एक दिवसही रिकामी गेली नाही. खाडीत मिळते ते बोय, कोळंबी, नशीब असेल तर जिताडा. मोठ्या ट्रॉलरवाल्यांच्या हिशेबी ही होडी म्हणजे खेळणे असेल, पण अर्जदारांना दुसरी नाही.

दरवर्षी जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारीला बंदी असते, हे आपण जाणताच. बंदी लागली की होड्या किनाऱ्यावर ओढून, माडाच्या झावळ्यांच्या झापांनी झाकून ठेवतात. याला शाकारणी म्हणतात. जुलैत पाऊस उघडीप देईल तसे झाप काढून होडी खरवडतात, फटी बुजवतात, तेल पाजतात, नवा रंग देतात आणि नारळी पौर्णिमेला ती पुन्हा पाण्यात जाते. खरवडताना जुन्या रंगाबरोबर होडीचे नाव आणि सरकारी नंबरही निघतो. रंग वाळला की पेंटर येऊन नंबर पुन्हा घालतो. म्हणजे वर्षातले दहा-बारा दिवस कोळीवाड्यातली प्रत्येक होडी बिनानंबरची असते. हे कोळीवाड्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. ते महापालिकेला ठाऊक नसेल असे कोणाच्या मनातही आले नाही, ही पहिली चूक.

२. दि. ३ जुलै २०२४ रोजी, म्हणजे नंबर खरवडल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आपल्या विभागाचे दोन कर्मचारी टेप घेऊन किनाऱ्यावर आले. "शहराचा सागरी वारसा" या योजनेखाली चौकात बसवण्यासाठी त्यांना एक जुनी, बेवारस होडी हवी होती. हे त्यांनी कोणास सांगितले नाही, आणि कोणी विचारलेही नाही, कारण सरकारी माणूस टेप घेऊन किनाऱ्यावर आला की तो नुकसानभरपाईसाठी आला असणार असे कोळीवाडा धरून चालतो. तौक्ते वादळाच्या वर्षी असेच झाले होते. अर्जदारांनी पुढे होऊन टेपचे दुसरे टोक धरले. लांबी, रुंदी, लाकूड, बांधणीचे साल, सगळे त्यांनी अभिमानाने सांगितले. "ही चालते का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "आता न्हाय चालत, पडूनच हाय." बंदीच्या दिवसांत चालती होडी पडूनच असते, आणि अर्जदारांनी खरे तेच सांगितले. कागदावर ते "विनावापर पडून" असे उतरले.

दि. ५ जुलै रोजी तेच कर्मचारी पंचनामा घेऊन परत आले. पंच म्हणून दोन सह्या हव्या होत्या. पहिली सही अर्जदारांचे शेजारी सदू भोईर यांनी केली आणि दुसरी, महोदय, खुद्द अर्जदारांनी केली. अर्जदारांच्या विरुद्ध आपल्या फाईलमध्ये जो एकमेव पुरावा आहे, तो त्यांच्याच हातचा आहे.

हे कसे घडले ते नीट सांगणे भाग आहे, कारण आपली तीनही उत्तरे याच सहीवर उभी आहेत. कोळीवाड्यात आपल्या होडीच्या पंचनाम्यावर आपण पंच होत नाही. तुझ्या होडीला मी पंच, माझ्या होडीला तू, अशी रीत आहे. त्यामुळे सही मागितली तेव्हा अर्जदारांनी धरले की कागद सदूच्या होडीचा आहे. सदूने धरले की कागद रामनाथच्या होडीचा आहे, आणि मित्राला भरपाई मिळावी म्हणून त्याने मनापासून सही केली. अर्जदारांचे हात लाल रंगाने माखलेले होते आणि चष्मा घरी होता. कागदावर काय लिहिले होते ते त्यांना सात महिन्यांनी माहितीच्या अधिकारात कळले : "सदर होडी नाव-नंबर विरहित, विनावापर व बेवारस असून तिच्यावर कोणाचाही हक्क नसल्याचे आम्ही पंच ओळखून सांगतो." सदू भोईर त्या दिवसापासून अर्जदारांच्या अंगणातून जात नाहीत, मागच्या गल्लीने वळसा घालून जातात. अर्जदारांनी त्यांना दोष दिलेला नाही. देणार तरी कोणत्या तोंडाने?

३. दि. ११ जुलै रोजी अर्जदार पेंटरला आणायला स्टेशनजवळ गेले असता क्रेन आली आणि होडी घेऊन गेली. परत येऊन पाहतात तो टेकणाची चार लाकडे आणि चिखलात तळाचा उमटलेला आकार. अर्जदारांनी पोलिसांत चोरीची तक्रार दिली. खाडीच्या दोन्ही काठांवर ते बारा दिवस होडी शोधत हिंडले. रस्त्यावर शोधायचे त्यांना सुचले नाही, आणि कोणाला सुचले असते?

दि. २३ जुलै रोजी सत्यवतीबाई पाटी घेऊन रिक्षाने सिल्व्हर पार्ककडे जात असताना त्यांना चौकात ताडपत्रीखाली होडीचे नाळेकडचे, म्हणजे पुढचे, टोक दिसले. त्यांनी रिक्षा थांबवली, पाटी रस्त्यातच ठेवली, कठड्यावरून आत गेल्या आणि ताडपत्री उचलून पाहिली. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आपली होडी चौकान हाय. न्हाय बोलू नको, मी हात लावून आयले." अर्जदारांना वाटले बायकोचे डोके फिरले. संध्याकाळी ते स्वतः जाऊन आले आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

४. यानंतर अर्जांचा भाग येतो. तो आपल्या दप्तरी असल्यामुळे थोडक्यात लिहितो.

पहिल्या अर्जाला उत्तर आले की पंचनाम्यानुसार होडी बेवारस आहे, मालकी असल्यास नोंदणी क्रमांक होडीवर दाखवावा. अर्जदार लायसन्सचे पुस्तक घेऊन गेले. पुस्तकातला नंबर मान्य झाला, पण तो होडीवर दिसेना. एव्हाना होडीवर महापालिकेचा पांढरा रंग चढला होता, आणि जेथे नंबर असायचा तेथे "माझे शहर, माझा अभिमान" असे लिहिले होते. खरवडल्यावरही जुन्या नंबरचे वळ लाकडात राहतात, फक्त "माझे" या शब्दाएवढा रंग काढून पाहावा, अशी विनंती दुसऱ्या अर्जात केली. उत्तर आले की सार्वजनिक मालमत्तेवरील मजकूर खरवडणे हे विद्रूपीकरण असून त्यास दंड आहे.

तिसरा अर्ज होडी परत मिळावी म्हणून केला. त्यावर कळवण्यात आले की दि. १५ ऑगस्ट रोजी लोकार्पण झाल्यापासून सदर वस्तू "होडी" या सदरात राहिली नसून मालमत्ता नोंदवहीत "शिल्प, एक नग" अशी नोंदली गेली आहे. शिवाय तिच्यात चाफ्याचे झाड लावले असल्याने ती हलवायची झाल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागेल. म्हणून चौथा अर्ज वृक्ष प्राधिकरणास केला. त्यांनी तो आपल्याकडे वर्ग केला. पाचव्याविषयी वर आलेच आहे.

मधल्या काळात अर्जदार त्यांच्या भागातल्या माजी नगरसेवकांनाही भेटले. त्यांनी चहा पाजला आणि सांगितले, "काका, सध्या प्रशासक बसलाय. मी माजी झालो, आता तर माझं बागेतला माळी पण ऐकत नाही." चहा चांगला होता असे अर्जदार म्हणतात.

आजची स्थिती अशी की, होडीचे इंजिन अर्जदारांच्या घरी पलंगाखाली गोणपाटात गुंडाळून आहे, आणि होडी महापालिकेकडे आहे. अर्जदार वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. होडीचा मालक त्यांच्या मुलीच्या वयाचा आहे. तो त्यांना मानाने "रामनाथदादा" म्हणतो आणि जड काम करू देत नाही. त्याचेच अर्जदारांना जास्त लागते.

५. आता भोकांविषयी. हा परिच्छेद लिहिताना अर्जदार उठून बाहेर गेले आहेत.

लोकार्पणाच्या आठवडाभर आधी अर्जदार चौकात असताना ठेकेदाराचे दोन कामगार ड्रिल मशीन घेऊन आले आणि होडीच्या तळाला भोके पाडू लागले. अर्जदार कठडा ओलांडून आत गेले आणि हात जोडून म्हणाले की मारायचे तर मला मारा, भोके पाडू नका. कामगार वाईट नव्हता. त्याने मशीन बंद केले आणि समजावून सांगितले, "चाचा, नीचे से पानी नहीं निकलेगा तो पेड़ सड़ जाएगा. ड्रॉइंग में है." त्याने ड्रॉइंगही दाखवले. त्यात बारा भोके होती. अर्जदारांनी आणि त्यांच्या वडिलांनी मिळून पस्तीस वर्षे पाणी आत येऊ नये म्हणून जी होडी जपली, तिला पाणी बाहेर जावे म्हणून बारा भोके पडली. अर्जदार कठड्यावर बसून मोजत राहिले.

६. या प्रकरणाशी लेखनिकाचा संबंध येथे येतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सिल्व्हर पार्कच्या ज्येष्ठ नागरिक संघाने गतवर्षी सप्टेंबरात या चौकाच्या सुशोभीकरणाबद्दल महापालिकेचे अभिनंदन करणारे पत्र पाठवले होते. निळ्या टाइल्सचा हौद, कारंजे, रंगीत दिवे, मधोमध पांढरी होडी आणि तीत डुलणारा चाफा, यांचे त्या पत्रात भरभरून कौतुक आहे. ते पत्र लेखनिकाच्याच अक्षरात आहे. लेखनिकाच्या नातीचे, आरोहीचे, वाढदिवसाचे फोटोही त्याच होडीपुढे काढलेले आहेत.

डिसेंबरात एके सकाळी फिरायला गेलो असता सकाळी कोरड्या असलेल्या हौदात, होडीला लागून एक माणूस आडवा पडलेला दिसला. बरे नाही की काय म्हणून लेखनिक धावला. तो माणूस हातातल्या फडक्याने होडीच्या तळाला काजूच्या टरफलांचे तेल चोळत होता. लेखनिकाने विचारले, हे काय? तो म्हणाला, "लाकूड हाय मास्तर. गोडं पानी रोज उडतंय तिच्यावर. खारं पानी लाकूड राखतं, गोडं खातं." लेखनिक रत्नागिरीचा आहे, खाडीकाठचाच आहे, पण हे त्याला ठाऊक नव्हते. कारंज्याचे पाणी रोज संध्याकाळी तीन तास होडीवर पडते आणि तेच आम्हा ज्येष्ठांना फार आवडत होते.

त्या दिवसापासून अर्जदार आठवड्यातून दोनदा पहाटे भाईंदरहून येऊन तेल लावत. लेखनिक बादली धरी. मार्चमध्ये सुरक्षा रक्षकाने फोटो काढून वर पाठवला आणि सार्वजनिक शिल्पावर डाग पाडल्याबद्दल नोटीस आली. नोटीस अर्जदारांच्या एकट्याच्या नावे आहे. फोटोत लेखनिकाचा फक्त हात आला आहे. तो हात आपला आहे असे लेखनिक येथे लिहून देत आहे.

७. आपल्या कार्यालयात सगळेच दगड आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. आपल्या विभागातील कनिष्ठ अभियंता मनाली मॅडम यांनी जागेवर येऊन होडी पाहिली, अर्जदारांचे सगळे ऐकून घेतले आणि सरळ कबूल केले की, "काका, तुमचं बरोबर आहे हो. पण कागद तुमच्या बाजूचा नाहीये." त्यांनी स्वतःचा वेळ घालून एक वाट शोधली. नोंदवहीतली वस्तू "निरुपयोगी" ठरली तर ती नोंदीतून कमी करून लिलावात काढता येते, आणि लिलावात अर्जदार बोली लावू शकतात. अर्जदार हरखले. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पेढे नेले, ते मॅडमनी घेतले नाहीत. चार दिवसांनी मॅडमचाच फोन आला. नियम पुढे असा निघाला की निरुपयोगी ठरलेले शिल्प तसेच विकता येत नाही, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून आधी त्याचे तुकडे करावे लागतात. अर्जदारांनीच त्यांना म्हटले, "जाऊंदे पोरी, तू तरी काय करशील?"

८. आता तातडीचा भाग. होडीचा नंबर चालू राहायचा तर मत्स्यव्यवसाय कार्यालयाच्या निरीक्षकांना होडी दरवर्षी पाण्यात दाखवावी लागते. गतवर्षी ती दाखवता आली नाही. अर्जदारांची हकिगत ऐकून निरीक्षकांनी एक वर्षाची मुदत दिली. ती मुदत गुरुवार, दि. ७ ऑगस्ट रोजी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, संपते. त्यानंतर नंबर रद्द होईल, आणि खाडीतल्या लहान होड्यांना नवे नंबर देणे बंद असल्याने तो पुन्हा मिळणार नाही. नंबर जिवंत राहिला तर त्याच नंबरवर उद्या दुसरी होडी बांधता येते. या वयात ती कशी बांधायची, हा अर्जदारांचा प्रश्न आहे, आपला नव्हे. पण नंबर गेला तर अर्जदार मासेमारी करणारे राहणार नाहीत, कायमचे दुसऱ्याच्या होडीवरचे खलाशी होतील. बाबाजी तांडेलांच्या घरात हे आजवर कधी झालेले नाही.

अर्जदार व लेखनिक मिळून दि. २१ जुलै रोजी निरीक्षकांना भेटले. ते थकलेले पण सज्जन गृहस्थ आहेत. फॉर्म उलटसुलट पाहून ते म्हणाले, "होडी पाण्यावर दिसली की मी लिहितो. कुठल्या पाण्यावर, ते फॉर्मात विचारलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लेखनिक टेप घेऊन चौकात गेला तेव्हा अर्जदार आधीच तेथे येऊन उभे होते.

९. चौकातील हौद दोन फूट खोल आहे. होडी ज्या दोन सिमेंटच्या ओट्यांवर बसवली आहे ते सहा इंच उंच आहेत. रिकामी होडी एक फूट पाण्यात बसते. गोड्या पाण्यात ती एखादे बोट जास्त बसेल असे अर्जदार सांगतात. म्हणजे हौद काठोकाठ भरल्यास होडी ओट्यांवरून चार-पाच इंच वर उचलली जाईल. होडीच्या चारही बाजूंना तीन-तीन फूट जागा आहे. हिशेब तीन वेळा करून पाहिला आहे.

तरी आपल्या चरणी प्रार्थना आहे की, अर्जदारांना होडी परत नको. ती मागणी ते या अर्जाने मागे घेत आहेत. दि. ७ ऑगस्ट रोजी सकाळी, वाहतूक वाढण्यापूर्वी, होडीच्या आठ बोल्टच्या पट्ट्या सोडण्याची, हौदाचे निचऱ्याचे तोंड बंद करण्याची आणि हौद भरण्याची परवानगी द्यावी. पाण्याचा टँकर ज्येष्ठ नागरिक संघ देणार आहे. त्याबाबत संघात वाद झाला, पण ठराव झाला आहे. होडीतली माती आदल्या दिवशी अर्जदार, सत्यवतीबाई आणि सदू भोईर हे घमेल्यांनी काढतील व काम झाल्यावर तशीच परत भरतील. सदू भोईर यांनी आपणहून निरोप पाठवला आहे. चाफा मुळासकट, मातीच्या गोळ्यासह, बाजूला ठेवला जाईल. तो लेखनिक दिवसभर सावलीत सांभाळील. एक पान जरी सुकले तरी त्याचा जबाब लेखनिक देईल. "माझे शहर, माझा अभिमान" या अक्षरांना कोणी हात लावणार नाही. बारा भोकांना अर्जदारांनी बारा लाकडी खुंट्या करून ठेवल्या आहेत. फटी कापूस व राळ घालून बुजवण्यात येतील. निरीक्षक साडेसातला येण्यास तयार आहेत.

परवानगी अर्ध्या तासाची हवी आहे. अर्धाच तास का, असे आपण विचाराल. वर्षभर उन्हात आणि कारंज्याखाली राहून फळ्यांचे सांधे सुटले आहेत. अर्जदारांनी बोटांनी चाचपून पाहिले आहे. अर्ध्या तासाहून जास्त वेळ ती आता तरंगणार नाही.

आणखी एकच गोष्ट. पाणी चढून होडी ओट्यांवरून सुटते त्या क्षणी तिच्यात माणूस उभा असावा लागतो, नाहीतर ती एका अंगावर कलते. म्हणून त्या अर्ध्या तासापुरते अर्जदारांना होडीत उभे राहू द्यावे. ते तिला घेऊन कोठेही जाणार नाहीत, असे लिहून द्यायला ते तयार आहेत.

होकार असो वा नकार, उत्तर दि. ६ ऑगस्टपूर्वी मिळावे, एवढ्या अपेक्षेवर थांबलेले,

रामनाथ बाबाजी तांडेल
(अर्जदार, सही चष्मा लावून व वाचून केली)

लिहून देणार : ह. गो. शिगवण
दि. २८ जुलै २०२५, मिरा रोड

सोबत : (१) लायसन्सच्या पुस्तकाची प्रत. (२) दि. ५ जुलै २०२४ च्या पंचनाम्याची प्रत. (३) ज्येष्ठ नागरिक संघाचा टँकरबाबतचा ठराव, व त्याच संघाचे गतवर्षीचे अभिनंदनपर पत्र मागे घेतल्याचे पत्र. (४) हौदाचे व होडीचे मापांसह रेखाचित्र. (५) लाकडी खुंटी, नमुन्यादाखल एक नग. ही मात्र परत मिळावी, बाराच केल्या आहेत.